कवींचा निसर्ग : पाहणें आणि राखणें

निसर्गकविता म्हटली कीं फुलें, पांखरें आणि चांदणें यांच्या वर्णनांत रमून गेलेला कोणी एक निरुद्योगी जीव डोळ्यांपुढें उभा राहतो. असल्या कवितेनें घटकाभर मनाला विसांवा मिळेल. पण जगावें कसें, हें तिनें काय शिकवावें, अशी शंका व्यवहारी माणसाला येणें साहजिक आहे. आज त्याच शंकेचा थोडा विचार करावयाचा आहे. त्यासाठीं इंग्लंडांतील रोमँटिक संप्रदायाचे तीन कवि मीं निवडले आहेत : वर्डस्वर्थ, कोलरिज आणि जॉन क्लेअर. केशवसुतांच्या पिढीनें इंग्रजी काव्याच्या परिशीलनांतूनच मराठी कवितेला नवें वळण दिलें. तेव्हां ही मंडळी आपणांस अगदींच परकी नाहीं.

ह्या कवींचा काळ म्हणजे अठराव्या शतकाची अखेर आणि एकोणिसाव्याचा पूर्वार्ध. वाफेच्या यंत्रामुळें इंग्लंडचें रूप पालटत होतें. डोंगर म्हणजे दगडी कोळसा, नदी म्हणजे गिरणीचें चाक फिरविणारी शक्ति आणि रान म्हणजे अद्याप पैसा न देणारी जमीन, असा हिशेब रूढ होऊं लागला होता. हा हिशेब सर्वस्वी खोटा होता असें नाहीं. त्यानें पुष्कळांना काम दिलें, वस्त्र दिलें. पण त्याच्या वहींत एक रकाना मुळींच नव्हता. तो रकाना भरण्याचें काम ह्या कवींनीं केलें.

पहिला धडा वर्डस्वर्थचा. इंग्लंडच्या वायव्य भागांत सरोवरांचा एक डोंगराळ मुलूख आहे. तेथील ग्रासमियर ह्या गांवीं, एका लहानशा घरांत, तो आपली बहीण डॉरथी हिच्यासह १७९९ च्या डिसेंबरांत राहावयास आला. १८०२ च्या एप्रिलची १५ तारीख. हीं दोघें भावंडें अल्सवॉटर सरोवराच्या कांठानें चाललीं असतां त्यांना डॅफोडिलच्या पिवळ्या फुलांचा लांबच लांब पट्टा दिसला. डॉरथीनें तो देखावा आपल्या रोजनिशींत बारकाईनें नोंदवून ठेवला. वर्डस्वर्थची त्या फुलांवरील प्रसिद्ध कविता सुमारें दोन वर्षांनीं लिहिली गेली आणि १८०७ सालीं छापली गेली. तींतील दोन ओळी तर आपल्या पत्नीनें सुचविल्या, असें कवीनें स्वतः सांगितलें आहे. म्हणजे पाहिलें दोघांनीं, नोंदविलें एकीनें, आणि मनांत मुरल्यावर लिहिलें तिसऱ्याच वेळीं. त्या कवितेचा गाभा फुलांच्या वर्णनांत नाहीं. एकदां मन लावून पाहिलेली वस्तु पुढें एकांतांत माणसाला सोबत करते, हा तिचा गाभा आहे. ज्याच्यापाशीं असली पुंजी आहे, त्याला सुखासाठीं दररोज नवी खरेदी करावी लागत नाहीं. कमावणें आणि उधळणें ह्यांतच आपली शक्ति संपून जाते, ही खंत त्याच संग्रहांतील एका सुनीतांत त्यानें व्यक्त केली आहे. साधेपणाचा उपदेश अनेकांनीं केला. पण साधेपणानें राहणाऱ्याला आनंद कोठून मिळावा, ह्याचें उत्तर वर्डस्वर्थनें दिलें.

दुसरा धडा कोलरिजचा. १७९८ सालीं ह्या दोघां मित्रांनीं मिळून जो संग्रह काढला, त्यांत वृद्ध खलाशाची कथा आहे. दक्षिणेच्या बर्फाळ समुद्रांत एक आल्बट्रॉस पक्षी जहाजाची सोबत करतो, खलाशांच्या हातचें खातो; आणि एके दिवशीं हा खलाशी कांहींएक कारण नसतां त्याला बाणानें मारतो. पुढें जें घडतें तें विचार करण्याजोगें आहे. सोबती प्रथम त्याला दोष देतात, कारण अनुकूल वारा त्या पक्ष्यानें आणला अशी त्यांची समजूत असते. मग धुकें निवळतें, आणि तेच सोबती म्हणूं लागतात कीं, मारलें तें बरेंच केलें! त्यांच्या लेखीं पक्ष्याची किंमत म्हणजे त्याचा आपल्याला झालेला उपयोग. पुढें वारा पडतो, पाणी संपतें आणि तो मेलेला पक्षी खलाशाच्या गळ्यांत अडकविला जातो. त्याची सुटका होते ती एका क्षणांत. ज्या जलसर्पांकडे आधीं तो किळसेनें पाहत होता, त्यांचें सौंदर्य त्याला चांदण्यांत दिसतें, आणि नकळत त्याच्या मनांतून त्यांच्यासाठीं आशीर्वाद निघतो. त्याच क्षणीं गळ्यांतील ओझें गळून पडतें. समुद्र तोच होता, सर्पही तेच होते. पालटली ती पाहणाऱ्याची दृष्टि. जें आपल्या उपयोगी नाहीं, त्यालाही जगण्याचा अधिकार आहे, हें ह्याहून स्पष्ट कोणी सांगावें?

तिसरा कवि जॉन क्लेअर. हा १७९३ सालीं नॉर्थँप्टनशर परगण्यांतील हेल्पस्टन गांवीं शेतमजुराच्या घरीं जन्मला, आणि त्यानें स्वतःही मजुरीच केली. त्याच्या काळीं गांवोगांवच्या सामाईक जमिनींना कुंपणें घालून त्या खासगी मालकीच्या करण्याचे कायदे होत होते. हेल्पस्टनच्या परिसरासाठीं असा कायदा १८०९ मध्यें झाला आणि त्याची अंमलबजावणी १८२० पर्यंत चालली. पायवाटा बंद झाल्या, झाडें तुटलीं, गरिबाची गाय जेथें चरत असे तें गायरान गेलें. वर्डस्वर्थला निसर्ग मुख्यतः सौंदर्याच्या आणि चिंतनाच्या बाजूनें दिसला. क्लेअरला तो भाकरीच्या बाजूनेंही दिसला. जमिनीवर झालेला घाव आणि गरिबावर झालेला घाव हे दोन नव्हेत, हें त्यानें अनुभवानें जाणलें.

आणि तरीही त्याच्या कवितेंत कडवटपणाहून कोमलताच अधिक आहे. बुलबुलासारख्या गाणाऱ्या नाइटिंगेल पक्ष्याच्या घरट्यावर त्याची एक कविता आहे. वाचकाला तो हळूच झुडपांतून घरट्याजवळ नेतो, तें कशाचें बांधलें आहे आणि अंडीं कोणत्या रंगाचीं आहेत तें दाखवितो. आणि पक्षी घाबरला आहे हें लक्षांत येतांच, कशालाही हात न लावतां माघारीं फिरावयास सांगतो. माझ्या मतें निसर्गाविषयींचा सर्व आदर ह्या एका कृतींत सांठलेला आहे. जवळ जावें, नीट पाहावें, आणि वेळेवर मागें फिरावें.

हें मागें फिरणें सोपें नाहीं. १८४४ सालीं केंडल गांवाहून विंडरमियर सरोवराकडे रेल्वे नेण्याचा बेत निघाला, तेव्हां ७४ वर्षांच्या वर्डस्वर्थनें त्याविरुद्ध एक सुनीत लिहिलें आणि वृत्तपत्रांत पत्रें छापलीं. गर्दीनें त्या मुलुखाची शांति नष्ट होईल, ही त्याची भीति निराधार नव्हती. परंतु शहरांतल्या कामकऱ्यांना डोंगरांची गोडी शिक्षणावांचून कळणार नाहीं, हा त्याचा युक्तिवाद मात्र आपल्या मनाला पटत नाहीं. हा प्रदेश एका अर्थीं साऱ्या राष्ट्राच्या मालकीचा आहे, असा उदार विचार ह्याच कवीनें आपल्या प्रवासमार्गदर्शिकेंत मांडला होता! रेल्वे १८४७ सालीं विंडरमियरपर्यंत आली आणि तेथेंच थांबली. वर्डस्वर्थचा तो उदार विचारही मेला नाहीं. १८९५ सालीं ऑक्टेव्हिया हिल, रॉबर्ट हंटर आणि सरोवरप्रदेशांतील धर्मोपदेशक रॉन्स्ली ह्यांनीं सुंदर व ऐतिहासिक स्थळें लोकांसाठीं राखण्याकरितां नॅशनल ट्रस्ट ही संस्था स्थापिली. १९५१ मध्यें तो सारा प्रदेश राष्ट्रीय उद्यान झाला आणि २०१७ मध्यें जागतिक वारसास्थळांच्या यादींत गेला.

तरीही प्रश्न संपलेला नाहीं. आज दर वर्षीं लक्षावधि माणसें त्या सरोवरांना भेट देतात, आणि विंडरमियरच्या पाण्यांत सांडपाणी मिसळून शेवाळ माजतें, ही तेथील लोकांची अलीकडची मोठी चिंता आहे. निसर्गाचा नाश केवळ त्याच्या शत्रूंकडूनच होतो असें नाहीं. त्याच्यावर प्रेम करणारांच्या पायांखालींही तो तुडविला जातो. म्हणून नुसतें प्रेम पुरेसें नाहीं. लोकांना दूर ठेवावें, हें ह्याचें उत्तर नव्हे. लोकांनीं क्लेअरप्रमाणें वागावें, हें आहे.

श्रोतेहो, ह्या कवितेनें कोणाचें पोट भरत नाहीं हें खरें. पण कशानें पोट भरावें आणि कोठें हात आवरावा, हें ती सांगते. त्यासाठीं सरोवरांच्या मुलुखांत जाण्याची गरज नाहीं. आपल्या अंगणांतल्या झाडावर पांखरानें घरटें बांधलें असेल, तर आज सायंकाळीं तें लांबूनच पाहावें. आणि फांदी न हलवितां परत फिरावें. इतकें ज्याला साधलें, त्याला ह्या तिन्ही कवींचें निम्मेंअधिक काव्य समजलें, असें म्हणावयास हरकत नाहीं.