ट्रिप रिलेची परीक्षा

विजेच्या व्यवस्थेतील बहुतेक साधने बिघडली की लगेच कळतात. दिवा विझतो, पंखा थांबतो, मोटर गुरगुरू लागते. परंतु एक साधन असे आहे की, ते धड आहे की निकामी झाले आहे, हे त्याच्याकडे नुसते पाहून वर्षानुवर्षे कळत नाही. ते साधन म्हणजे ट्रिप रिले. उपकेंद्राच्या पॅनेलवर झाकणाआड तो स्वस्थ बसलेला असतो. कित्येक वर्षांत त्याला एकदा काम पडते, आणि तेही सेकंदाच्या शंभराव्या भागापुरते. त्या क्षणी तो हलला नाही, तर लाखो रुपयांचा ट्रान्सफॉर्मर जळतो आणि जवळपास कोणी माणूस असेल तर त्याचा जीव धोक्यात येतो. असे साधन बसवावे कसे, त्याची परीक्षा घ्यावी कशी, आणि त्याचे माप जुळवावे म्हणजे नेमके काय करावे, हा आजच्या विवेचनाचा विषय आहे.

प्रथम या रिलेचे स्थान समजून घेऊ. वीजवाहिनीवर किंवा ट्रान्सफॉर्मरमध्ये शॉर्ट सर्किट झाले म्हणजे प्रवाह अतोनात वाढतो. तो तोडण्याचे काम सर्किट ब्रेकरचे. पण ब्रेकरला स्वतःला काही कळत नाही. तो बलवान आहे, परंतु आंधळा आहे. दोष ओळखतो तो मापक रिले. करंट ट्रान्सफॉर्मरकडून प्रवाहाची लहान प्रतिकृती त्याच्याकडे येते. ती ठरविलेल्या मर्यादेबाहेर गेली की नाही, याचा तो निवाडा करतो. जुन्या धाटणीच्या मापक रिलेचे काँटॅक्ट मात्र नाजूक असतात. ब्रेकरच्या ट्रिप कॉइलचा प्रवाह ते पेलू शकत नाहीत. शिवाय हुकूम एकाच ठिकाणी द्यावयाचा नसतो. ट्रान्सफॉर्मरमध्ये दोष झाला तर उच्च दाबाच्या बाजूचा ब्रेकर उघडला पाहिजे, कमी दाबाच्या बाजूचाही उघडला पाहिजे, घंटा वाजली पाहिजे आणि दोष दूर होईपर्यंत ब्रेकर पुन्हा लावता येऊ नये, अशी अडवणूकही झाली पाहिजे. एका निवाड्याचे असे अनेक हुकूम करणारा जो मध्यस्थ, तोच साहाय्यक ट्रिप रिले. मापक रिले हा न्यायाधीश मानला, तर ट्रिप रिले हा त्याचा बेलिफ होय. निकाल कितीही चोख लागला तरी बेलिफ झोपलेला असेल, तर त्या निकालाला कागदापलीकडे किंमत नाही.

या कुळातील काही रिले काम झाल्यावर आपोआप पूर्ववत होतात, तर काहींना हाताने पूर्ववत करावे लागते. अमेरिकी पद्धतीच्या उपकरण-क्रमांकांत दुसऱ्या प्रकाराला ८६ हा क्रमांक आहे, आणि आपल्याकडील आकृत्यांतही तोच आढळतो. हाताने पूर्ववत करण्याची अट ही गैरसोय नव्हे. ती जाणूनबुजून ठेवलेली आहे. माणसाने जाऊन पाहावे, कारण शोधावे आणि मगच ब्रेकर लावावा, एवढ्यासाठीच ती आहे.

आता या साधनाचे दोष दोन प्रकारचे असू शकतात. काम असताना न हलणे हा एक. काम नसताना हलणे हा दुसरा. सामान्य माणसाला पहिला भयंकर वाटतो आणि दुसरा क्षुल्लक. इतिहास मात्र दोन्हींची किंमत सारखीच मोठी असल्याचे सांगतो.

९ नोव्हेंबर १९६५ रोजी संध्याकाळी ५ वाजून १६ मिनिटांनी, कॅनडातील नायगाराजवळच्या सर अॅडम बेक विद्युत्गृहातून टोरोंटोकडे जाणाऱ्या पाच वाहिन्यांपैकी एक वाहिनी रिलेने तोडली. वाहिनीवर दोष नव्हता. रिलेची मर्यादा पूर्वी कधीतरी ठरविलेली होती. दरम्यान वाहिनीवरचा भार वाढत गेला आणि मर्यादा तेथेच राहिली. तुटलेल्या वाहिनीचा भार उरलेल्या चार वाहिन्यांवर पडला, आणि काही सेकंदांत त्याही तुटल्या. पुढे न्यूयॉर्कसह ईशान्य अमेरिकेचा मोठा भाग आणि ऑन्टारिओ अंधारात गेले. सुमारे तीन कोटी लोकांना त्याची झळ बसली. रिले बिघडलेला नव्हता, त्याने सांगितलेले काम तंतोतंत केले. पण सांगितलेले मापच शिळे झाले होते.

उलट बाजूचे उदाहरण अलीकडचे आहे. २५ मे २०२१ रोजी ऑस्ट्रेलियातील क्वीन्सलँड प्रांतात कॅलाइड येथील औष्णिक केंद्रात नवा बॅटरी चार्जर कामाला लावताना एका संचाचा एकदिश विद्युत्पुरवठा गेला, आणि त्यापाठोपाठ प्रत्यावर्ती पुरवठाही गेला. संरक्षणाची सारी साधने या एकदिश पुरवठ्यावरच जगतात; त्यामुळे ब्रेकर उघडण्याचा हुकूम देण्यास कोणी उरलेच नाही. जनित्र ग्रिडला जोडलेलेच राहिले आणि वीज देण्याऐवजी वीज खाऊन मोटरीसारखे फिरू लागले. वंगणाचा पुरवठाही बंद पडलेला होता. सुमारे अर्ध्या तासाने ते यंत्र फुटले. त्यानंतरच्या पडझडीत सुमारे पावणेपाच लाख ग्राहकांची वीज गेली. तेथे न्यायाधीशही होता आणि बेलिफही होता. पण दोघांच्याही अंगात रक्त नव्हते.

ही दोन उदाहरणे मनात ठेवून आपण पॅनेलपाशी येऊ.

रिले बसविताना पहिली गोष्ट पाहावयाची ती त्याच्या पाटीवरील व्होल्टची संख्या. उपकेंद्राची बॅटरी ११० व्होल्टची असेल आणि कॉइल २२० ची, तर रिले दिसेल अगदी सुस्थितीत, पण हुकुमाच्या वेळी कदाचित हलणार नाही. दुसरी गोष्ट : प्रवासात आर्मेचर हलू नये म्हणून कारखान्याने कागदाची घडी, दोरा किंवा पाचर घातलेली असते; ती काढली आहे की नाही, हे स्वतःच्या डोळ्यांनी पाहावे. रिले ओळंब्यात, धूळ व धक्के यांपासून दूर बसवावा. प्रत्येक तारेला आकृतीप्रमाणे क्रमांकाचे फेरूल असावे आणि प्रत्येक टर्मिनलचा स्क्रू हाताने आवळून पाहावा. दोन स्वतंत्र ट्रिप कॉइल असतील, तर त्यांचे फ्यूजही स्वतंत्र असावेत. एरवी एका फ्यूजच्या जाण्याने दोन्ही आधार एकदम जातात.

येथे एक बारकावा ध्यानात घेण्याजोगा आहे. ट्रिप कॉइलचा प्रवाह सुरू करणे आणि तो तोडणे ही दोन निराळी कामे आहेत. कॉइलमधला एकदिश प्रवाह तोडताना ठिणगी लांबते आणि काँटॅक्ट जळतात. म्हणून तोडण्याचे काम रिलेकडे न ठेवता ब्रेकरच्या स्वतःच्या साहाय्यक काँटॅक्टकडे सोपवितात. ब्रेकर उघडला की तोच आपल्या कॉइलचा प्रवाह बंद करतो. हा काँटॅक्ट साखळीत योग्य जागी जोडलेला नसेल, तर पहिल्याच ट्रिपला कॉइल किंवा रिले यांपैकी एकाची राख होण्याची भीती असते.

आता परीक्षा. मापक रिलेपाशी सूक्ष्म मोजमाप असते. ट्रिप रिले हा ‘आहे किंवा नाही’ अशा जातीचा. त्याला चार प्रश्न विचारावयाचे. तो किती व्होल्टला उचलतो? किती व्होल्टला सोडतो? किती वेळात काम करतो? आणि जेथे हलू नये तेथे स्थिर राहतो काय?

पहिल्या प्रश्नासाठी व्होल्ट हळूहळू चढवीत नेऊ नयेत. तसे केल्यास आर्मेचर अर्धवट सरकते, कॉइल तापते आणि उत्तर खोटे येते. ठरावीक व्होल्ट एकदम द्यावेत, पाहावे, काढून घ्यावेत, मग पुढची पायरी चढावी. असे का? कारण प्रत्यक्षात हुकूमही एकदमच येतो. ट्रिप रिलेने बॅटरी बरीच उतरलेली असतानाही काम करावे, अशी अपेक्षा असते. अनेक रिलेंना नाममात्र दाबाच्या निम्म्यावरही उचलावे लागते. खुद्द ब्रेकरची ट्रिप कॉइल एकदिश पुरवठ्यावर ७० ते ११० टक्के दाबात चालली पाहिजे, असा आंतरराष्ट्रीय मानकाचा दंडक आहे. आपल्या रिलेचा आकडा कोणता, हे त्याच्या निर्मात्याच्या पत्रकातूनच घ्यावे. ऐकीव आकड्यावर विसंबू नये.

वेळ मोजताना घड्याळ व्होल्ट देण्याच्या क्षणी सुरू व्हावे आणि काँटॅक्ट जुळताच थांबावे. आपल्याकडील ५० हर्ट्‌झच्या विजेचे एक आवर्तन २० मिलिसेकंदांचे; चांगला ट्रिप रिले त्याच्या सुमारे निम्म्या वेळात, म्हणजे १० मिलिसेकंदांच्या आसपास, काम उरकतो. ही घाई कशासाठी, असे कोणी विचारील. आपल्या देशाच्या ग्रिड मानकांप्रमाणे ४०० किलोव्होल्टच्या वाहिनीवरील दोष १०० मिलिसेकंदांत दूर झाला पाहिजे. त्यात मापक रिलेचा निवाडा, ट्रिप रिलेचा हुकूम आणि ब्रेकरची हालचाल, सारेच आले. एवढ्याशा शिदोरीतून मध्यस्थाच्या वाट्याला जास्त काही येत नाही. प्रत्येक काँटॅक्ट स्वतंत्र मोजावा; एक चांगला निघाला म्हणून शेजारचाही चांगला, असे मानू नये.

चौथा प्रश्न सर्वांत दुर्लक्षित. उपकेंद्रातील लांबलचक केबलींत विद्युत्भार साठून राहतो. कोठे तरी तारेचे आवरण खरचटले आणि ती जमिनीला लागली, तर तो साठा कॉइलमधून वाहून जातो आणि एखादा फार हळवा रिले कोणाच्याही हुकुमावाचून उचलतो. म्हणून अशा जागी जरा जड खाण्याचे, म्हणजे अधिक शक्ती लागणारे रिले वापरतात. ब्रिटिश वीजउद्योगाच्या विनिर्देशांत यासाठी १० मायक्रोफॅरडचा भारित कपॅसिटर रिलेवर रिकामा करून तो स्थिर राहतो की नाही, हे पाहण्याची परीक्षा सांगितली आहे. तात्पर्य, रिले फार हळवा नको आणि फार सुस्तही नको.

हा मध्य साधणे म्हणजेच त्याचे माप जुळविणे. स्प्रिंगचा ताण, आर्मेचर व चुंबक यांमधील फट आणि काँटॅक्टचा दाब या तीन गोष्टी परस्परांत गुंतलेल्या आहेत. स्प्रिंग सैल केली की रिले कमी व्होल्टला उचलतो खरा. पण मग धक्क्याने किंवा भटक्या प्रवाहानेही उचलू लागतो. म्हणून नापास झालेल्या रिलेची स्प्रिंग वाकवून त्याला पास करणे ही दुरुस्ती नव्हे, फसवणूक आहे. आधी कारण शोधावे : धूळ, गंज, वाकलेली पट्टी की जळालेला काँटॅक्ट? ते दूर करूनही आकडा येत नसेल, तर निर्मात्याने सांगितलेल्या मर्यादेतच फेरफार करावा आणि चारही परीक्षा पुन्हा पहिल्यापासून घ्याव्यात.

हवामानाचाही विचार हवा. तांब्याचा रोध दर अंश सेल्सियसला सुमारे ०.४ टक्के वाढतो. सकाळी २० अंशांत तपासलेला रिले चंद्रपूरच्या मे महिन्यात, बंद पॅनेलमध्ये, ५० अंशांवर गेला, तर त्याच्या कॉइलचा रोध सुमारे १२ टक्के वाढतो आणि त्याच व्होल्टला प्रवाह सुमारे दहाव्या भागाने घटतो. काठावर पास झालेला रिले अशा दुपारी नापास होतो. म्हणून नोंदीत आकड्याशेजारी तपमानही लिहावे. तसेच ज्या व्होल्टमीटरने आणि घड्याळाने आपण मापतो, त्यांचीही मुदतीत तपासणी झालेली असावी; त्या मापांचा दाखला पायरीपायरीने नवी दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेपर्यंत पोहोचला पाहिजे. खोट्या तागडीने तोललेले सोने शुद्ध असले तरी वजन खोटेच.

आजचे संगणकीय रिले स्वतःची प्रकृती स्वतः तपासतात आणि बिघाड झाल्यास सांगतात. त्यामुळे आता परीक्षेची गरज उरली नाही, असे काहींना वाटते. पण तो रिले स्वतःच्या पेटीच्या आत पाहतो. बाहेरची सैल तार, गेलेला फ्यूज, चिकटलेला काँटॅक्ट त्याला सहसा दिसत नाही. ट्रिप कॉइलमधून सतत बारीकसा प्रवाह सोडून तारेची अखंडता पाहणारी देखरेखीची योजना पुष्कळ मदत करते. तरीही ब्रेकर खरोखर उघडतो का, हे तो उघडूनच कळते. म्हणून सुट्या रिलेची परीक्षा झाल्यावर अखेरची परीक्षा साऱ्या साखळीची घ्यावी : मापक रिलेला खोटा दोष दाखवावा आणि दूर अंगणातला ब्रेकर धाडकन उघडल्याचा आवाज आपल्या कानांनी ऐकावा.

आणि त्यानंतर एक काम उरते. परीक्षेसाठी ट्रिपची जी लिंक काढली, ती परत बसविणे. परीक्षा उत्तम पार पडावी आणि लिंक टेबलावर राहावी, याइतका घातक प्रसंग नाही. कारण आता वहीत ‘ठीक’ असा शेरा असतो आणि पुढची तपासणी कित्येक महिन्यांनी असते. म्हणून काढलेल्या प्रत्येक लिंकची यादी आधी करावी, परत बसविल्यावर दुसऱ्या माणसाने ती पाहावी, आणि मगच दोघांनी सही करावी.

आपल्याकडे तहान लागल्यावर विहीर खणणाऱ्याला हसतात. दोष झाल्यावर रिलेची आठवण काढणे त्याच जातीचे आहे. त्या सेकंदाच्या शंभराव्या भागात माणसाला काहीच करता येत नाही. जे करावयाचे ते आधीच्या शांत दिवसांत, स्क्रूड्रायव्हर आणि वही हाती घेऊन करावयाचे असते. ट्रिप रिले स्वतःविषयी काहीच बोलत नाही. त्याच्या वतीने बोलते ती नोंदवही. आणि तिच्यातील सही खरी असेल, तरच त्या उपकेंद्रातून वीज घेणाऱ्या गावाने रात्री निर्धास्त झोपावे.