मेंदूतल्या तारा कोण गुंडाळते?

विहिरीवरच्या मोटारीची वायर तुम्ही पाहिलीच असेल. आत तार आणि वर प्लास्टिक. आपल्या मेंदूतही तारा आहेत. त्यांना मज्जातंतू म्हणतात. त्यातल्या पुष्कळ तारांवर चरबीचे पांढरे वेष्टन असते. त्याचे नाव मायलिन. वेष्टन नसले तर निरोप सेकंदाला एक-दोन मीटरच जातो, म्हणजे आपण चालतो तेवढाच. वेष्टन असले की काही तारांतून तो सेकंदाला १०० मीटरसुद्धा पळतो!

माझा धाकटा भाऊ सात महिन्यांचा आहे. तो अजून नीट बसत नाही. रेडकू मात्र जन्मल्या दिवशीच उभे राहते. म्हणून बायका त्याला आळशी म्हणतात. पण बाळाच्या मेंदूत वेष्टनाचे बरेच काम जन्मानंतरच होते. पहिली दोन वर्षे ते जोरात चालते आणि पुढे विशीपर्यंत थोडे थोडे चालूच राहते. म्हणजे आमच्या दादाचेही अजून चालू आहे.

वेष्टन करणाऱ्या पेशींचे नाव लई अवघड आहे, ऑलिगोडेंड्रोसाइट. बाईंनी फळ्यावर फोडून लिहिले तेव्हा कुठे आम्हाला म्हणता आले. ही पेशी आपल्या फांद्या लांब करते आणि एकेक फांदी एकेका तारेला गुंडाळते. कांद्याला पापुद्रे असतात ना, तसे थरावर थर.

आता या पेशी येतात कुठून? मेंदूच्या आत पाण्याने भरलेल्या पोकळ्या असतात. पिल्लू आईच्या पोटात असताना त्या पोकळ्यांच्या भिंतीपाशी बालपेशी जन्मतात. तिथून त्या सरकत सरकत, वाटेत एकीच्या दोन होत, सगळीकडे पसरतात.

लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजातल्या शास्त्रज्ञांनी २००६ साली उंदरांत हे दाखवले. उंदराचे पिल्लू आईच्या पोटात वीसेक दिवस असते. बालपेशी एकदम येत नाहीत. ऊसतोडीला टोळ्या येतात तशा तीन टोळ्या येतात. पहिली बाराव्या-तेराव्या दिवशी, मेंदूच्या पुढच्या भागात खालच्या बाजूने. दुसरी तीनेक दिवसांनी, जरा वरून. तिसरी जन्माच्या सुमाराला, थेट मेंदूच्या वरच्या थरातून. कणगीमागे उंदराची लालबुंद पिल्ले सापडतात, डोळे मिटलेली, तेव्हा ही तिसरी टोळी नुकतीच कामाला आलेली असते!

खरी गंमत पुढेच आहे. पहिल्या टोळीतल्या जवळजवळ सगळ्या पेशी जन्मानंतर थोड्याच दिवसांत मरून जातात. शास्त्रज्ञांनी मुद्दाम एकेक टोळी नाहीशी करून पाहिली. तर उरलेल्या टोळ्या वाढल्या आणि तिची जागा त्यांनी भरून काढली. पिल्ले जगली, वेष्टनही झाले. मला वाटते, एवढ्या मोठ्या कामाला एकाच टोळीवर भरवसा ठेवून चालत नसावे.

मल्टिपल स्क्लेरोसिस नावाच्या आजारात माणसाचे हे वेष्टन झडते. मग चालताना तोल जातो, कधी डोळ्यांना अंधुक दिसते. पण मोठ्या माणसाच्या मेंदूतही थोड्या बालपेशी शिल्लक असतात. त्यांना पुन्हा कामाला लावायचा प्रयत्न शास्त्रज्ञ करत आहेत.

– इयत्ता ४ थी