सज्ज्यावर न्यायची बॅग

पाटणी चौकातल्या या दुकानात उभं राहायलाही जागा नाही. उन्हामुळे विदर्भातल्या शाळा राज्यात सगळ्यांत उशिरा उघडतात, त्यामुळे वाशीमची दप्तरांची खरेदी जूनच्या शेवटी एकदम उसळते. छतापासून गुडघ्यापर्यंत बॅगा टांगल्या आहेत आणि त्यांच्यातून वाट काढत आया पोरांना पुढे ढकलताहेत. बाहेर बियाण्याच्या पिशव्या बांधलेल्या मोटारसायकलींचे हॉर्न थांबत नाहीत; रात्री चांगला पाऊस झालाय, ज्याला त्याला सोयाबीन पेरायची घाई आहे. मी भाचीच्या दप्तराची चेन बदलून घ्यायला आलोय. पायरीवर मशीन मांडून बसलेले चाचा जुनी चेन उसवताहेत. त्यांच्याजवळून दुकान पार आतपर्यंत दिसतं.

"भाऊ, लॅपटॉपची बॅग दाखवा."

पंचविशीतली मुलगी आहे. एका हातात हेल्मेट. खांद्यावर लॅपटॉपसोबत फुकट येते तसली काळी, चौकोनी, एका पट्ट्याची बॅग. ती दर दोन मिनिटांनी घसरतेय आणि मुलगी खांदा उडवून ती वर घेतेय. मागे वडील, पांढरा सदरा, गळ्यात दुपट्टा.

"कॉलेजले काय?" दुकानदार विचारतो.

"नोकरीले," वडीलच सांगतात. "तलाठी झाली ते. मानोऱ्याकडं सज्जा भेटला तिले."

सज्जा म्हणजे एका तलाठ्याकडे सोपवलेली गावं. पदाचं नाव 2024 मध्ये बदलून ग्राम महसूल अधिकारी झालंय, पण 'तलाठी' ऐकताच दुकानातली दोन-तीन माणसं वळून पाहतात. ज्याच्या हाती सात-बारा, त्याच्याकडे शेतकरी असाच पाहतो.

दुकानदार आकडीने एक चकचकीत बॅग खाली काढतो. कडक कवच, मधोमध कंपनीचं मोठं नाव, बाजूला यूएसबीचं भोक. "हे घ्या ताई. चार्जिंगवाली. आता हेच चालू हाय." मुलगी भोकात बोट घालून पाहते. आत नुसती वायर आहे. पॉवर बँक आपली आपणच आणायची. म्हणजे पावसात फिरणाऱ्या बॅगेला कारखान्यातूनच एक छिद्र पाडून दिलेलं. ती बॅग परत करते. माझ्या मनात तिच्याबद्दल आदर वाढतो, कारण या दुकानात मी आतापर्यंत पाहिलेल्या प्रत्येकाने बॅग बाहेरून निवडली आहे.

आता ती काउंटरवर लॅपटॉपच ठेवते. "हा बसला पाहिजे." दुकानदार एका बॅगेची चिठ्ठी दाखवतो, 15.6 इंच लिहिलंय. ती चाचांकडे वळते. "चाचा, टेप द्या ना." मोजमाप होतं: रुंदी 36 सेंटिमीटर, खोली 24 च्या वर. चिठ्ठीवरचे 15.6 इंच म्हणजे पडद्याची एका कोपऱ्यापासून समोरच्या कोपऱ्यापर्यंतची तिरपी लांबी. कडा आणि जाडी त्यात धरलेली नसते. एकाच मापाचे दोन लॅपटॉप एका बॅगेत सारखे बसतीलच असं नाही. दुसरी बॅग येते, लॅपटॉप आत जातो, पण चेन कोपऱ्यावरून ओढावी लागते. "नको," ती म्हणते. ओढून लावलेली चेन महिन्याभरात दात सोडते, असं चाचा मान खाली घालूनच सांगतात.

इतका वेळ गप्प असलेले वडील आता पुढे होतात. तिसरी बॅग मांडीवर घेतात, चेन उघडतात आणि मूठ थेट तळापर्यंत नेतात. बाहेरून दुसऱ्या हाताने तळ चाचपतात.

"पाह्य माय. बुडाले काहीच नाही याच्या."

मला आधी कळत नाही. मुलीला कळतं. लॅपटॉपच्या कप्प्याला पुढून आणि पाठीकडून फोमची गादी आहे, खाली मात्र नुसतं अस्तर आणि कापड. ती लॅपटॉप आत ठेवते आणि बॅग चार बोटं उचलून काउंटरवर सोडते, हळूच. टक्. लाकडावर लॅपटॉपचा कोपरा वाजल्याचा तो आवाज आम्हा सगळ्यांना ऐकू येतो. मग दुकानदार वरच्या रांगेतून एक राखाडी सॅक काढतो. हिच्या आत लॅपटॉपचा कप्पा तळापर्यंत जातच नाही. दोन बोटं वर शिवून थांबवलाय, झोळीसारखा लोंबता. पुन्हा लॅपटॉप आत, पुन्हा चार बोटं उचलून सोडली. या वेळी नुसता कापडाचा बद्द आवाज. लॅपटॉपची बॅग घेताना दुकानात एकच गोष्ट करायची असेल तर ती हीच, असं मला वाटतं. स्कूटीवरून जाताना पाठीवरच्या बॅगेचं बूड सीटवर टेकलेलं असतं. प्रत्येक खड्ड्याला मार बसतो तो याच कोपऱ्यांना आणि पडद्याच्या बिजागरीला.

"काका, तुम्हाला बुडाचं बरं कळलं," मी म्हणतो.

"म्या कोतवालकी केली ना भाऊ. लय वर्सं दप्तर वाह्यलं." ते सांगू लागतात. तलाठीसाहेब पुढे, कोतवाल मागे, सायकलच्या कॅरिअरवर रुमालात बांधलेलं दप्तर. गावाची जमीन, पिकं, वारस, बोजे, सगळं 21 गाव नमुन्यांत मांडलेलं. ती पुस्तकं जड, आणि त्यांचे कोपरे आधी झिजायचे. म्हणून ते रुमालाच्या तळाशी जुन्या पोत्याची घडी घालायचे, वरून मेणकापड. 1 जुलै 1998 ला वाशीम वेगळा जिल्हा झाला. त्याआधी जिल्ह्याचं काम म्हणजे अकोला. एसटीत दप्तर टपावर ठेवू द्यायचे नाहीत ते, मांडीवर घ्यायचे. "कागद भिजला का गावात भांडन लागलंच समजा."

मुलगी ऐकतेय, पण तिचं लक्ष पट्ट्यांवर आहे. तिच्या वाट्याला ती पुस्तकं येणार नाहीत. फेरफार संगणकावर नोंदवले जातात, डिजिटल सहीचा सात-बारा 1 मे 2018 पासून मिळतो, आणि 15 ऑगस्ट 2021 पासून शेतकरी स्वतःच मोबाइलवर पीक पाहणी भरतो. लॅपटॉप भिजला म्हणून कुणाची जमीन बुडत नाही, नोंद सर्व्हरवर असते. पण वारसाची नोंद लावायला तांड्यावरून पायी आलेली म्हातारी त्या दिवशी तशीच परत जाते. पीककर्जासाठी उतारा हवा असतो तो ऐन पेरणीच्या तोंडावरच. बॅगेच्या गादीशी आणि शिलाईशी या माणसांचा असा थेट संबंध आहे, आणि म्हणून ही मुलगी इतका वेळ लावतेय ते मला योग्य वाटतं.

चाचा आता भाचीचं दप्तर बाजूला सारून राखाडी सॅक मागून घेतात. पट्टा जिथे पाठीला जोडलाय ती जागा उलटी करून दाखवतात. पट्ट्याचं टोक शिवणीच्या आत दाबलेलं आहे आणि त्यावर चौकोन काढून मध्ये फुलीसारखी शिलाई मारली आहे. "ये अच्छा है. इथून तुटत नाही." मग चेन. "आठ नंबर हाय. पाच नंबर पर्सले लावतात, वजनाले नाही." नंबर म्हणजे मिटलेल्या दातांची साधारण मिलिमीटरमधली रुंदी, हे मला आजच कळतंय. कापडाच्या चिठ्ठीवर 1680 डेनिअर लिहिलंय. डेनिअर म्हणजे 9,000 मीटर धाग्याचं ग्रॅममधलं वजन. आकडा मोठा तितका धागा जाड. स्वस्त बॅगा 600 च्या आसपास असतात. पण चाचांच्या मशीनपुढे आलेल्या बॅगांचं कापड क्वचितच फाटलेलं असतं. शिलाई गेलेली असते, चेन गेलेली असते, नाहीतर रनर. माल धारावीत शिवलेला आहे, असं दुकानदार सांगतो. नाव नसलेली बॅग, पण शिवणारा हात पक्का.

"पाणी?" मुलगी विचारते.

"वॉटरप्रूफ हाय ताई."

ती आपली पाण्याची बाटली उघडून सॅकच्या पुढच्या बाजूवर थोडं पाणी ओतते. दुकानदार "अहो ताई" म्हणेपर्यंत ओतूनही झालंय. कापडावर पाण्याचे मणी होतात आणि घरंगळतात. वरच्या बाजूने पाणी झटकणारा थर दिलेला असतो त्यामुळे. पण जे चेनेवर पडलं ते तिथेच रेंगाळतं. ती चेन उघडून आत बोट फिरवते आणि ओलं बोट दुकानदारापुढे धरते. कापड पाणी अडवतं, चेन आणि सुईची भोकं अडवत नाहीत. दुकानदार मुकाट्याने खालच्या ड्रॉवरमधून केशरी रेनकव्हर काढतो. "हे सोबत देतो." वडिलांचा त्यावरही पुरता विश्वास नाही. खताच्या पोत्याच्या आतलं प्लास्टिक धुऊन ठेवलंय, ते लॅपटॉपच्या मापाने कापून आत घालू, असं ते लेकीला सांगतात. ती हसत नाही, "हो बाबा" म्हणते.

आता खरी परीक्षा. ती दोन पट्ट्यांची सॅक सगळ्या सामानानिशी भरते: लॅपटॉप पाठीला चिकटून, मग चार्जर, वही, डबा, छत्री, बाटली बाहेरच्या खिशात. लॅपटॉप आत घालण्याआधी तो उघडून पूर्ण बंद करते. दुकानातला पोरगा विचारतो, "झाकण लावलं का बंद होते ना?" ती सांगते, "झाकण लावलेला आत जागा होऊ शकतो. फोममध्ये हवा नाही, तापतो मग." वाशीमचा मे महिना ज्याने स्कूटीवर काढलाय त्याला हे वेगळं सांगायला नको.

सॅक पाठीवर घेऊन ती बाहेर येते आणि उभ्या स्कूटीवर बसते. येणारे-जाणारे पाहतात, तिला फरक पडत नाही. वडील मागे जाऊन वाकून पाहतात. "टेकली सीटले. वर घे थोडी." ती पट्टे आखडते. बूड सीटपासून वीतभर वर येतं. "आता?" "आता बराबर." ती हँडल डावीकडे-उजवीकडे फिरवून बघते, मान वळवून मागचं दिसतं का ते बघते. छातीवरची छोटी पट्टी लावते. त्यामुळे पट्टे खांद्यावरून बाहेर सरकत नाहीत. पण ओढणी अडकते. पाण्याच्या खिशाला वेलक्रो आहे आणि त्याच्या काट्यांनी ओढणीचे दोन धागे केव्हाच ओढलेत. ती उतरते, धागे सोडवते, वेलक्रोवर बोट ठेवून चाचांना म्हणते, "हे काढून इथं बटण लावता येईल?"

"लावतो ना बेटा."

तिचा सज्जा आहे त्या मानोऱ्याच्या बाजूला बंजाऱ्यांचे तांडे खूप आहेत. पोहरादेवी त्याच तालुक्यात, आणि रामनवमीच्या यात्रेत बंजारा बायांच्या खांद्यावर अजूनही हाताने भरलेल्या पिशव्या दिसतात: कापडाचे थर एकावर एक ठेवून दाट टाके घातलेले, काठाला कवड्या. बैलांच्या पाठीवर धान्य आणि मीठ लादून मुलूखभर फिरलेल्या लोकांची ती शिलाई आहे. ओझं कुठे ओढतं आणि टाका कुठे दाट हवा, हे त्या पिशव्यांवर शेकडो वर्षं दिसत आलंय. ही मुलगी आता त्याच तांड्यांवर जाणार आहे, आणि तिथल्या बाया तिच्या सॅकला नक्कीच हात लावून बघतील.

किमतीवर मात्र तासभर लागत नाही. चिठ्ठीवर 2,499, दुकानदार 1,100 म्हणतो, वडील 800 म्हणतात, मुलगी 950 ला मिटवते आणि फोन काढून कोड स्कॅन करते. वडील जुनी एका पट्ट्याची बॅग बगलेत धरून कृषी केंद्राकडे निघतात. रांग वाढण्याआधी बियाण्याला नंबर लावायचाय. "संध्याकायी पाच वाजता स्टँडवर," ते मागे वळून ओरडतात.

चाचांनी वेलक्रो उसवलाय. बटण ठोकून झाल्यावर ती वरची मूठ त्यांच्यापुढे करते. सगळ्या बॅगेत तीच एक जागा तिला कच्ची वाटतेय. नुसती दोन टाक्यांवर धरलेली.

"इथं अजून दोन शिलाया मारा. दोन्ही टोकांना."

"जाड धागा लावू?"

"जाडच लावा. किती होतील?"

"बटण धरून चाळीस."

"मारा."