खनिजाच्या उत्पन्नांत मूळ रहिवाशांचा वांटा

जमीन खंडानें द्यावी कीं अर्धलीनें, हा प्रश्न प्रत्येक जमीनधारकास केव्हां ना केव्हां पडलेला असतो. खंड ठरला म्हणजे पीक बुडो वा भरघोस येवो, मालकाच्या हातीं पडणारी रक्कम तीच. अर्धलींत खळ्यावर येईल त्याची वांटणी होते व जोखीमहि दोघांची राहते. ज्या भूमीच्या पोटांत धातु सांपडतो, तेथें पिढ्यान् पिढ्या राहणाऱ्या लोकांपुढें हाच प्रश्न मोठ्या प्रमाणांत उभा राहतो. फरक एवढाच कीं, पीक दरसाल नवें येतें. खनिज एकदां निघालें म्हणजे पुन्हां उगवत नाहीं. म्हणून त्याच्या वांटणीचा विचार पहिली कुदळ मारण्यापूर्वींच झाला पाहिजे. या दृष्टीनें अमेरिकेच्या अलास्का राज्यांतील एका खाणीची हकीकत आमच्या वाचकांस बोधप्रद वाटेल.

अलास्काच्या वायव्य भागांत, उत्तर ध्रुववृत्ताच्याहि पलीकडे, इनुपियाट लोक राहतात. कॅरिबू नांवाचीं रानहरणें, मासे व सील यांच्या शिकारीवर त्यांचा निर्वाह चालत आला आहे. १९७१ सालीं अमेरिकन सरकारनें कायदा करून अलास्कांतील मूळ रहिवाशांचा जमिनीवरील जुना दावा मिटविला व त्याच्या बदल्यांत सुमारें ४ कोटि ४० लक्ष एकर जमीन आणि ९६ कोटि २५ लक्ष डॉलर त्यांस देऊं केले. ही मालमत्ता सांभाळण्याकरितां, मूळ रहिवासीच भागधारक असलेल्या १२ प्रादेशिक मंडळ्या अलास्कांत स्थापन झाल्या. वायव्येकडील मंडळीचें नांव ‘नाना’ असें आहे.

या मंडळीच्या मुलखांत रेड डॉग येथें जस्त व शिसें यांचा मोठा सांठा आहे. ‘नाना’नें ती जमीन विकली नाहीं. १९८२ सालीं कोमिन्को या कॅनडांतील कंपनीशीं तिनें करार केला व १९८९ सालीं खाणींतून माल निघूं लागला. ही खाण पुढें टेक कंपनीकडे आली.

कराराची रचना लक्षांत घेण्यासारखी आहे. खाण उभारण्याचा खर्च कंपनीनें करावयाचा. तो वसूल होईपर्यंत मंडळीस मालाच्या विक्रीच्या निव्वळ रकमेवर शेंकडा ४॥ मिळावे, म्हणजे एक प्रकारचा खंडच. नफा होवो वा न होवो, तो द्यावयाचाच. भांडवल फिटल्यावर मात्र निव्वळ नफ्याची वांटणी सुरू व्हावी : प्रथम शेंकडा २५, व पुढें दर ५ वर्षांनीं ५ नें वाढत शेंकडा ५० पर्यंत. ही वांटणी २००७ सालीं सुरू झाली. म्हणजे खऱ्या अर्धलीच्या मार्गास लागण्यास खाण सुरू झाल्यापासून १८ वर्षें गेलीं.

मिळालेला पैसाहि एकाच मंडळीच्या पेटींत राहत नाहीं. १९७१ च्या कायद्याप्रमाणें खनिज व लांकूड यांच्या उत्पन्नाचा शेंकडा ७० भाग सर्व १२ मंडळ्यांत भागधारकांच्या संख्येच्या प्रमाणांत वांटावा लागतो. ज्यांच्या डोंगरांत धातु नाहीं, त्यांसहि त्यांतील अंश मिळतो.

पैशाखेरीज आणखी दोन गोष्टी करारानें साधल्या. खाणींतील नोकऱ्यांत भागधारकांस अग्रहक्क मिळाला. शिवाय नोआटक व किवालिना या गांवांतील जाणत्या शिकाऱ्यांची एक समिति नेमली गेली. खाणीपासून समुद्रावरील धक्क्यापर्यंतचा ५२ मैलांचा रस्ता कोठून न्यावा यांत तिचें मत घेतलें गेलें; हरणांचा कळप रस्ता ओलांडूं लागला म्हणजे मालगाड्या थांबवितात.

तथापि हें चित्र सर्वस्वीं उजळ नाहीं. खाणीचें सांडपाणी ज्या ओढ्यांत सोडतात, तो पुढें वुलिक नदीस मिळतो, आणि किवालिना गांव याच नदीचें पाणी पितें. २००४ सालीं त्या गांवच्या कांहीं रहिवाशांनीं कंपनीवर दावा केला व २००८ सालीं तडजोड झाली. दुसरी गोष्ट याहूनहि विचार करण्याजोगी आहे. सध्यां चालू असलेला सांठा २०३१ च्या सुमारास संपेल असा अंदाज आहे. आणि शेंकडा ५० चा वांटा ठरल्या क्रमानें २०३२ सालीं यावयाचा!

आतां आपल्या देशाकडे वळूं. १९९७ सालीं सर्वोच्च न्यायालयानें आंध्र प्रदेशांतील ‘समता’ खटल्यांत असें सुचविलें कीं, आदिवासी मुलखांतील खाणींच्या निव्वळ नफ्याचा निदान शेंकडा २० भाग तेथील लोकांच्या पाणी, शाळा, दवाखाने इत्यादि गरजांसाठीं राखून ठेवावा. २०१५ सालीं खनिजाच्या कायद्यांत दुरुस्ती झाली, ती निराळ्या तत्त्वावर. तिनें जिल्हा खनिज प्रतिष्ठान निर्माण केलें. सरकारास द्यावयाच्या स्वामित्वधनाशिवाय, त्या स्वामित्वधनाच्या शेंकडा ३० इतकी रक्कम जुन्या पट्टेदारांनीं व शेंकडा १० इतकी १२ जानेवारी २०१५ पासूनच्या नव्या पट्टेदारांनीं प्रतिष्ठानाकडे भरावयाची. गडचिरोली जिल्ह्यांत एटापल्ली तालुक्यांतील सुरजागडच्या डोंगरांतून लोहखनिज निघतें. तेथील माडिया गोंडांच्या वांट्यास येणारी ही व्यवस्था आहे. तींत पैसा येतो हें खरें. पण तो नफ्यांतील भाग नव्हे, आणि गांवकरी हे लाभार्थी होतात, भागीदार होत नाहींत.

भागीदार व लाभार्थी यांतील हा भेद शेतकऱ्यास निराळा समजावून सांगण्याचें कारण नाहीं. ज्याच्या नांवें जमीन आहे तो करारास बसतो. इतरांस जें मिळेल तें घ्यावें लागतें. ‘नाना’च्या लोकांस बोलतां आलें, कारण जमीन त्यांच्या हातीं होती. तरीहि त्यांस नफ्यासाठीं थांबावें लागलें व पाण्यासाठीं भांडावें लागलें. म्हणून जेथें कोठें खाणीसाठीं जमीन मागितली जाईल, तेथें गांवानें पांच गोष्टी आधीं लेखी करून घ्याव्या : वांटा कशावर, तो केव्हांपासून, हिशेब कोण तपासणार, पाण्याची हमी कोणाची, आणि धातु संपल्यावर तो खड्डा कोण बुजविणार.