जळलेली साखर आणि त्रिनिदादचं चिकन

पेशव्यांचे गुरू नारायण दीक्षित यांच्या नावाशी जोडलेला दुर्गाघाट आणि त्याच्या आसपासची काशीतली जुनी मराठी वस्ती यांचा कॅरिबियन चिकनशी काय संबंध, असं कुणालाही वाटेल. संबंध आहे तो बनारसच्या मुलखाचा. बनारस, गाझीपूर, बलिया, आझमगढ आणि पलीकडच्या बिहारमधून माणसं कलकत्त्यामार्गे करारावर उसाच्या मळ्यांत राबायला गेली. त्रिनिदादला पहिलं जहाज, ‘फातेल रझाक’, ३० मे १८४५ रोजी लागलं आणि १९१७ पर्यंत सुमारे १,४४,००० माणसं तिथे पोचली. म्हणूनच त्रिनिदादचं ‘स्ट्यू चिकन’ म्हणजे पूर्वांचलातून गेलेली चिकन करीच, असा समज सहज होतो. तो चुकीचा आहे, आणि घरी हे चिकन बिघडतं ते बहुतेक वेळा याच समजामुळे. करी म्हणून रांधायला घेतलं, की कांदा-मसाला परतण्यावर सगळी भिस्त राहते आणि ज्या एका गोष्टीवर हा पदार्थ उभा आहे, ती साखर केवळ चिमूटभर गोडीपुरती उरते.

त्रिनिदादमध्ये चिकन करीही होते. तिच्यात हळद, जिरं, मसाला असतो आणि ती रोटीबरोबर खातात. तिथे भारतीय हात स्पष्ट दिसतो. स्ट्यू चिकनमध्ये हळद नाही, धणे-जिऱ्याची पूडही नाही. आधी तेलात साखर जाळतात आणि तिच्यात मुरवलेलं चिकन टाकतात. यावर आक्षेप येईल, की बंगाली ‘कोशा मांशो’तही गरम तेलात साखर घालतात, मग ही रीत कलकत्त्याहूनच गेली नसेल कशावरून? पण तिथे साखर थोडी असते, रंगापुरती, आणि पुढचं सगळं काम मसाला करतो. त्याहून मोठा पुरावा डोमिनिकन रिपब्लिकचा आहे. तिथल्या ‘पोयो गिसादो’मध्ये नेमकी अशीच साखर जाळून चिकनला रंग देतात, आणि त्या देशात भारतीय करारमजूर नेलेच नव्हते. ही चव ऊस पिकवणाऱ्या बेटांची आहे. साखरेच्या मळ्यांत आधी गुलाम म्हणून राबवलेल्या आफ्रिकी माणसांच्या वंशजांचा आणि तिथल्या क्रिओल स्वयंपाकाचा हा वारसा आपल्या नावावर लावून घेणं त्यांच्यावर अन्याय करणारं आहे.

दुसरा समज असा, की इतकी साखर घातल्यावर चिकन गोड होणार. हा समज जास्त नुकसान करतो, कारण त्याच्या भीतीने साखर सोनेरी होताच चिकन आत पडतं, आणि मग ते खरोखरच गोड होतं. साधारण १६० अंश सेल्सिअसच्या पुढे साखर विघटित होऊ लागते. तापमान जसं वाढतं तशी गोडी कमी होते आणि तिच्या जागी गडद रंगाची, कडवट, किंचित आंबूस, भाजक्या वासाची संयुगं तयार होतात. दीड किलो चिकनला दोन मोठे चमचे तेल आणि दोन मोठे चमचे साखर पुरते. साखर वितळते, गडद होते, फेसाळते. फेस गर्द तपकिरी झाला आणि धुराची पहिली रेघ दिसली, की चिकन टाकायचं. ओलं चिकन पडताच भांड्याचं तापमान झपाट्याने उतरतं आणि साखरेचं जळणं थांबतं, म्हणून तर हा क्षण पकडता येतो. काही सेकंद उशीर झाला आणि साखर काळी पडली तर ती टाकून पुन्हा सुरुवात करावी. तो कडवटपणा नंतर कशानेही जात नाही. काळ्या लोखंडी कढईत हा रंग नीट दिसत नाही, स्टीलचं किंवा ॲल्युमिनियमचं जाड बुडाचं पातेलं सोयीचं. मोहरीच्या तेलाचा झणका साखरेच्या वासावर चढतो, तेव्हा या एका पदार्थापुरतं शेंगदाण्याचं तेल बरं.

आच मोठी असली की मांसातला रस ‘आत बंद होतो’, हे आणखी एक जुनं मत. युस्टुस फॉन लीबिग या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने १८४७ मध्ये ते मांडलं आणि ते स्वयंपाकघरांत रुजलं. पण मोजून पाहिलं तर लालसर परतलेल्या मांसातूनही पाणी जातंच. इथे तर ते सुटायलाच हवं. झाकण ठेवलं की चिकन स्वतःच्या पाण्यात शिजतं, ते पाणी आटून तेल दिसू लागलं की गरम पाणी घालायचं, आणि मंद आचेवर अर्धा-पाऊण तास. गावठी कोंबडीला जास्त वेळ लागतो.

बेटांवर चिकन लिंबाच्या पाण्याने धुण्याची पद्धत आहे. त्याने वास जातो, जंतू मात्र मरत नाहीत. उलट उडालेल्या थेंबांनी ते ओट्यावर पसरतात. जंतू मरतात ते मांस आतपर्यंत ७४ अंशांना पोचल्यावर. लिंबू मुरवणीत घालावं, नळाखाली नको.

साहित्य इथे मिळणार नाही, ही अडचणही फारशी खरी नाही. मुरवणीतली ‘शाडो बेनी’ ही लांब पानांची रानटी कोथिंबीर आपल्याच ईशान्य भारतात सर्रास वापरतात. ती नसेल तर साधी कोथिंबीर, कांद्याची पात, लसूण आणि थोडं थाइम चालतं. स्कॉच बॉनेट मिरची अख्खी ठेवतात, फुटू देत नाहीत, म्हणजे सुगंध उतरतो पण जाळ नाही. आपली ताजी मिरची तशीच अख्खी टाकावी. याच जळलेल्या साखरेत चिकन परतून पुढे तांदूळ आणि तुरीचे दाणे घातले, की त्रिनिदादचा ‘पेलाऊ’ होतो. हिवाळ्यात तुरीच्या हिरव्या शेंगा बाजारात आल्या, की तोही करून पाहावा.