नाणे एकाचे, पेढी दुसऱ्याची : आपण कोणाचे गिऱ्हाईक?

माल विकणे सोपे, वसुली अवघड, हे कापड बाजारात कोणाला शिकवायला नको. त्यामुळे परदेशातील गिऱ्हाईक "बँकेची कटकट नको, रक्कम यूएसडीटीमध्ये घ्या, दहा मिनिटांत पोहोचेल" असे म्हणाला की मनाला मोह पडतो. पूर्वी मोठ्या पेढ्यांपुरती असलेली ही भाषा आता छोट्या निर्यातदाराच्याही कानावर येऊ लागली आहे. रक्कम लवकर पोहोचते, यात खोटे काही नाही. परंतु ती पोहोचल्यावर तिच्यासाठी जबाबदार कोण, हा प्रश्न फारच थोडे लोक विचारतात.

यूएसडीटी, यूएसडीसी यांना स्टेबलकॉइन, म्हणजे स्थिर किमतीचे नाणे म्हणतात. पहिले २०१४ पासून चालू असून ते टेथर कंपनीचे आहे. दुसरे सर्कल कंपनीने २०१८ मध्ये काढले. एका नाण्यामागे एक डॉलरची मालमत्ता, मुख्यतः अमेरिकन सरकारचे रोखे व रोकड, राखीव ठेवल्याचे या कंपन्या सांगतात. आपल्या जुन्या हुंडीसारखाच हा प्रकार आहे. कागदाला स्वतःची किंमत नसते, लिहून देणाऱ्या पेढीची पत हीच त्याची किंमत.

मधली माणसे किती?

हुंडीत लिहिणारा कोण, स्वीकारणारा कोण, हे कागदावरच दिसत असे. येथे मात्र साखळी लांब आहे. नाणे काढणारी कंपनी एक, ते विकणारी किंवा पोहोचवणारी दुसरी, आणि नाण्यांची किल्ली सांभाळणारी बहुधा तिसरी. आपला करार होतो तो फक्त मधल्या कंपनीशी. नाणे काढणाऱ्याच्या वहीत आपले नावही नसते.

याचा अर्थ व्यवहारात काय होतो? टेथरकडून नाण्याच्या बदल्यात थेट डॉलर घ्यायचे, तर आधी ओळख पटवून खाते उघडावे लागते आणि किमान एक लाख डॉलरची नाणी आणावी लागतात. सर्कलही थेट परतफेड मुख्यतः संस्थांनाच देते. दोन-तीन हजार डॉलरचे थान विकणारा व्यापारी त्या दारातून आत जाऊच शकत नाही. त्याला मधल्या पेढीकडे किंवा बाजारात जाऊन, मिळेल त्या भावाने नाणी मोडावी लागतात. एका डॉलरचे आश्वासन कंपनीचे असले, तरी ते आपल्याला दिलेले नसते.

भागीदारांचा हिशेब

राखीव रकमेवर व्याज मिळते. ते नाणे बाळगणाऱ्याला नव्हे, तर नाणे काढणाऱ्याला व त्याच्या भागीदाराला जाते. २०२४ मध्ये सर्कलला राखीव मालमत्तेवर सुमारे १६६ कोटी डॉलर उत्पन्न झाले. त्यातील सुमारे ९० कोटी डॉलर तिने कॉइनबेस या एकाच भागीदार कंपनीला दिले, कारण नाण्याचा मोठा खप तिच्या मार्फत होतो. यात बेकायदेशीर काही नाही. पण जो आपल्याला "हेच नाणे घ्या" असे सांगतो, त्याचा त्यात वाटा असू शकतो, हे व्यापाऱ्याने ध्यानात ठेवावे. दलालाची दलाली कोण देतो हे पाहूनच आपण त्याचा सल्ला तोलतो.

संकटात कोण उभे राहते?

भागीदारीची परीक्षा सुकाळात होत नाही. मार्च २०२३ मध्ये अमेरिकेतील सिलिकॉन व्हॅली बँक बुडाली. सर्कलच्या सुमारे ४,००० कोटी डॉलर राखीव रकमेपैकी ३३० कोटी डॉलर तिच्यात अडकले होते. यूएसडीसीचा भाव ८८ सेंटच्याही खाली गेला. त्या शनिवार-रविवारी कॉइनबेसने नाण्याच्या बदल्यात डॉलर देणे थांबवले. सरकारने ठेवींची हमी दिल्यावर सोमवारी भाव सावरला. ज्याला रविवारी कोणाचे देणे भागवायचे होते, त्याने तोटा सोसला.

दुसरे उदाहरण आपल्या देशातले. जुलै २०२४ मध्ये वझीरएक्स या बाजारातून सुमारे २३ कोटी डॉलरची मालमत्ता चोरीस गेली. त्या नाण्यांच्या राखणीत लिमिनल ही कंपनी भागीदार होती. दोष आमच्या यंत्रणेत नाही, असे दोघांनीही सांगितले. सिंगापूरच्या न्यायालयाने तोडगा मंजूर करून बाजार पुन्हा सुरू होईपर्यंत ऑक्टोबर २०२५ उजाडला. दोन भागीदारांच्या वादात गिऱ्हाईक सव्वा वर्ष बाहेर उभा राहिला. ज्याचे भांडवलच लाख-दोन लाखांचे, त्याने तेवढे दिवस माग कशावर चालवावा आणि कारागिरांची मजुरी कोठून द्यावी?

आपल्याकडचा कायदा

निर्यातीची रक्कम अधिकृत बँकेमार्फत आली पाहिजे, असा आपल्या परकीय चलन कायद्याचा नियम आहे. नाण्यात रक्कम घेतली तर बँकेच्या नोंदीत ते बिल येणेच राहते, आणि पुढे निर्यातीच्या सवलती व परतावे अडतात. आयकराच्या दृष्टीने हे नाणे म्हणजे आभासी मालमत्ता. १ एप्रिल २०२२ पासून तिच्या नफ्यावर ३० टक्के कर आहे आणि जुलै २०२२ पासून विक्रीवर एक टक्का कपात होते. तोटा दुसऱ्या उत्पन्नातून वजा करता येत नाही.

याहून मोठा धोका नाणे मोडताना असतो. अनोळखी माणसाला नाणी विकून त्याच्याकडून बँकेत रुपये घेतले आणि ते रुपये फसवणुकीचे निघाले, तर पोलिसांच्या सूचनेवरून आपलेच खाते गोठते. कापड प्रामाणिकपणे विकलेले असते, तरी खुलासे देत फिरावे लागते. नाणे काढणाऱ्या कंपन्याही संशयित पत्त्यांवरील नाणी जागच्या जागी गोठवू शकतात.

होकार देण्यापूर्वी

तेव्हा मधल्या कंपनीला चार प्रश्न विचारावेत आणि उत्तरे लेखी घ्यावीत. भारतात तिची नोंदणी आहे काय? आमची रक्कम तुमच्याकडे अमानत म्हणून वेगळी राहील, की तुमच्या ताळेबंदात मिसळेल? तुमचा भागीदार बुडाला किंवा त्याने दार बंद केले, तर भरपाई कोणी करायची? आमच्या बँक खात्यात रुपये किंवा डॉलर कोणाच्या नावाने व कोणत्या कागदपत्रांसह येतील? गिऱ्हाईकाने त्याच्या बाजूला नाणे वापरले, पण आपल्या बँकेत रीतसर परकीय चलनच आले, तर गोष्ट निराळी. तरीही पैसे पाठवणारी संस्था कोणती, हे बँकेला आधीच सांगून ठेवावे.

अमेरिकेने १८ जुलै २०२५ रोजी यासाठी कायदा केला. नाण्याइतकीच राखीव मालमत्ता ठेवणे आणि तिचा तपशील दरमहा जाहीर करणे त्यात बंधनकारक आहे. कंपनी बुडाल्यास नाणेधारकाचा हक्क अग्रक्रमाने धरला जातो. ही सुधारणा चांगली आहे. पण ती नाणे काढणाऱ्याला बांधते. भिवंडीचा व्यापारी आणि त्याच्या मोबाइलमधील पेढी यांच्यात काय ठरले, ते त्या दोघांच्या करारातच असते.

गिऱ्हाईक टिकवायचा म्हणून त्याची प्रत्येक अट मान्य करण्याची गरज नाही. बँकेची रक्कम चार दिवस उशिरा येईल, पण ती आपल्या वहीत आणि सरकारच्या वहीत एकाच नावाने जमा होईल. नाण्याची पेढी हे दाखवून देऊ शकत असेल तर तिच्याशी बोलणी करावीत, नाहीतर मालाबरोबर नेहमीचे बँकेचे बिल पाठवावे.