पट्टीशिवाय तीन भाग

कागदाची होडी तुम्हाला कुणी शिकवली? पुस्तकाने नक्कीच नाही. पावसाळ्यात ओट्यावर खालाने किंवा मोठ्या भावाने शेजारी बसवून शिकवली असेल. ओरिगामीची हौस आजही अशीच पसरते. मुंबई-पुण्यात ‘ओरिगामी मित्र’ ही मंडळी एकत्र जमून एकमेकांना घड्या शिकवतात, प्रदर्शनेही भरवतात. जपानच्या अकिरा योशिझावा यांनी १९५४ च्या पुस्तकात घड्यांसाठी तुटक रेषा आणि बाणांच्या खुणा दिल्या. तरी एखादी अवघड घडी शेजारणीच्या बोटांकडे पाहिल्यावरच उमगते.

परंडा तालुक्यातल्या सोनारीत अशी बैठक भरवायला काय लागेल? एक चटई, जुनी दिनदर्शिका आणि दुपारचा तासभर. रंगीत कागदाचा हट्ट नको.

सुरुवात या घडीने करा. चौरस कागदाच्या वरच्या कडेच्या मध्यावर खूण करा. खालचा उजवा कोपरा त्या खुणेवर टेकवून घडी दाबा. खालची कड आता तिरपी होते आणि कागदाच्या डाव्या कडेला एका ठिकाणी छेदते. वरच्या डाव्या कोपऱ्यापासून ती जागा बरोबर दोन-तृतीयांश अंतरावर असते! काझुओ हागा या जपानी प्राध्यापकांच्या नावाने ही घडी ओळखली जाते.

दहावीतली मुलगी पायथागोरसच्या प्रमेयाने हे सिद्ध करील. शाळा न पाहिलेली तिची दादी त्याच तीन भागांतून ईदीचे पाकीट घडवील, आणि नातीची घडी वाकडी गेली तर उलगडून पुन्हा घालायला लावील.